सुधारलेलं चित्र

दुसऱ्याचं एखादं चित्र नागोजी मास्तरांना आवडलं, असं बेळगावात कधी कुणी ऐकलं नव्हतं. अनगोळहून रोज सकाळी छत्री काखेत मारून ते हायस्कुलात चित्रकला शिकवायला निघत. वाटेत दुकानांच्या पाट्या लागत, देवळाच्या भिंतीवर रंगवलेले द्वारपाल लागत, किराणा दुकानातल्या कॅलेंडरावरची लक्ष्मी दिसे. मास्तर सगळ्यांना सारखाच न्याय देत. नाकातून एक बारीक "हं" काढायचं आणि पुढं चालू लागायचं. मुंबईला जाऊन त्यांनी चित्रकलेच्या तीन परीक्षा पास केल्या होत्या. चौथीत नापास झाले होते, पण त्याचं कारण परीक्षक गाढव होता हे होतं, आणि ते मास्तर कुणी न विचारताही सांगत.

फोटोवरून तैलचित्र काढावं तर मात्र मास्तरांनीच. बेळगाव, चिकोडी, खानापूर भागात ज्या घरात कर्तापुरुष गेला, त्या घरातून मास्तरांना निरोप यायचा. वारलेल्या वकिलांना, इनामदारांना, पेढीवाल्यांना त्यांनी एकाच तपकिरी अंधारात बसवलं होतं. काळा कोट, पांढरा रुमाल, छातीवर घड्याळाची साखळी. त्यांच्या मते जगात सभ्य रंग तीनच होते : तपकिरी, राखी आणि काळा. उरलेले रंग जत्रेत विकायला ठेवलेल्या बाहुल्यांसाठी होते.

एकोणीसशे पस्तीस सालच्या भाद्रपदात त्यांना निपाणीहून बोलावणं आलं. बोलावणारे जिनपाल आण्णा. तंबाखूच्या दोन वखारी, नवा बांधलेला बंगला, आणि त्या बंगल्यावर प्रांतसाहेब दौऱ्यावर असताना चहाला थांबणार असा निरोप आलेला. आण्णांनी पत्रात लिहिलं होतं, "दिवाणखान्यात लावायला आमच्या थोरल्या आक्कानं तळकोकणातून आणलेलं एक मोठं चित्र आहे. कोण बरं म्हणतं, कोण हसतं. साहेबासमोर आमचं हसं नको. आपण जाणकार. आपण म्हणाल तर लावतो, नको म्हणाल तर काढतो."

'आपण जाणकार' हे दोन शब्द मास्तरांनी यशोदाबाईंना, म्हणजे आपल्या बायकोला, मोठ्यानं वाचून दाखवले. मग सर्व्हिस मोटारीत चढले. मोटारीला नावं ठेवली, रस्त्याला ठेवली, संकेश्वरला मिळालेल्या चहाला ठेवली. निपाणीत उतरताच तंबाखूच्या खाटानं सात शिंका आल्या तेव्हा गावालाही ठेवली.

दिवाणखान्यात आण्णा होते, त्यांचे दोघे वखारवाले स्नेही होते आणि पोस्टमास्तर होते. हे पोस्टमास्तर निपाणीतले रसिक समजले जात, कारण त्यांना कुठलीही गोष्ट दाखवली की ते आधी डोळे मिटत आणि मग "वा!" म्हणत.

चित्र भिंतीला टेकवून ठेवलं होतं. चार हात रुंद, अडीच हात उंच, शिडाच्या जाड कापडावर काढलेलं. मास्तरांनी चष्मा पुसला, लावला, आणि त्यांना अक्षरशः मागं सरकावं लागलं. चित्रात लालभडक रस्ता होता, कुणी आत्ता कुंकवाची पोती ओतून गेल्यासारखा. रस्त्याच्या कडेला जास्वंदीचं कुंपण, त्यावर फुलं अशी की पानांना जागाच उरली नव्हती. मागं माड, पोफळी, केळी, फणस, एकात एक घुसलेले, आणि प्रत्येकाचा हिरवा वेगळा : एक पोपटी, एक काळपट, एक निळ्याकडं झुकलेला, एक इतका ओला की बोट लावलं तर पाणी लागेल. कौलारू दुकान, त्याच्या पुढ्यात बाक. पलीकडं खाडीचं पाणी, त्यात वाकून बघणारा एक माड, आणि या सगळ्यावर मावळतीचं आभाळ : केशरी, गुलाबी, मधेच जांभळं.

"वा!" पोस्टमास्तर म्हणाले. "काय निसर्ग हाय!"

"निसर्ग?" मास्तर म्हणाले. "ह्याला निसर्ग म्हणत असतील तर रंगाऱ्याच्या दुकानात डबे सांडले की त्यालाही निसर्गच म्हणायला पाहिजे."

वखारवाले हसले. ते हसले म्हणून पोस्टमास्तरही हसले. मास्तरांना तेवढंच पाहिजे होतं. त्यांनी छत्रीचं टोक पुढं करून चित्राची चिरफाड सुरू केली. रस्ता असा लाल असतो का? माती तपकिरी असते, हे दुसरीतल्या पोराला कळतं. हिरव्या रंगाला काही मर्यादा? लांबचं झाड फिकं पडलं पाहिजे, हा पहिला नियम. इथं लांबचा माड जवळच्यापेक्षा जास्त ओरडतोय. आणि हा एक माड दारू प्यायल्यागत पाण्यावर का झुकलाय? आभाळ तर बघवत नाही.

"कुणी काढलंय हे?"

"वेंगुर्ल्याकडचा रवळू म्हणून एक चितारी हाय," आण्णा खालच्या आवाजात म्हणाले. "लाकडी खेळणी रंगवतो. होड्या रंगवतो."

"तरीच!" मास्तर म्हणाले. "खेळण्याचं चित्र झालंय. आण्णा, साहेब विलायतेत मोठमोठ्या गॅलऱ्या बघून आलेला असतो. त्याच्या पुढ्यात हे लावणार तुम्ही?"

आण्णांचा चेहरा पडला. तेवढ्यात आतल्या दारातून एक बाई पुढं आल्या. पांढरं लुगडं, हातात काही नाही, वय पन्नाशीच्या आतबाहेर. या राजमतीआक्का, आण्णांच्या थोरल्या बहीण. त्यांच्या नवऱ्याचं, भुजबलींचं, वेंगुर्ल्यात तंबाखूचं दुकान होतं. सतरा वर्षं त्या तिथं राहिल्या. दोन वर्षांमागं भुजबली तापानं गेले, दुकान उठलं आणि आक्का भावाकडं परत आल्या. येताना भांडीकुंडी तिथंच वाटून टाकली होती. चित्र तेवढं चटईत गुंडाळून आणलं होतं.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "रस्ता तसाच हाय तिथला. लालच."

"असेल बाई, थोडा तांबूस असेल."

"तांबूस न्हाय, लाल. धोतराची काठं लाल व्हायची ह्यांची. धुऊन जायची न्हाईत."

मास्तर समजूत घातल्यासारखं हसले. "बाई, चित्र हे नुसतं डोळ्यांनी बघायचं नसतं. त्याचे नियम असतात. शिकावे लागतात."

"तुम्ही घाट उतरून खाली गेलाय का कधी?"

"काय काम?"

"न्हाय, इचारलं," आक्का म्हणाल्या. त्यांनी मास्तरांकडं वरपासून खालपर्यंत एकदा बघितलं आणि आत निघून गेल्या. त्या बघण्यात काय होतं ते मास्तरांना पुरतं कळलं नाही, पण आवडलं नाही एवढं खरं.

दुसऱ्या दिवशी आक्का जैनांच्या पर्युषण पर्वाचे दहा दिवस काढायला स्तवनिधीच्या बस्तीत गेल्या. साहेबाच्या दौऱ्याला पर्वाचं काय. तो त्याच दिवसांत यायचा होता. भिंत तर मोकळी ठेवता येईना, एवढ्या मापाचं दुसरं चित्र मिळेना. आण्णांनी हात चोळत विचारलं, "मास्तर, ह्यातच काय सुधारता येतं का बघा की. आक्का न्हाय तवर."

मास्तरांनी रजा वाढवली, बेळगावहून रंगांची पेटी मागवली आणि सहा दिवस त्या चित्राला शिस्त लावली. भरपूर जवसाचं तेल घालून तपकिरी रंगाचा पातळ हात सगळ्या झाडीवर फिरवला. माड, पोफळी, केळी, सगळे एका सभ्य अंधारात गेले. लाल रस्ता मातकट केला. जास्वंदीची फुलं दहाबारा ठेवून बाकीची झाकली. केशरी आभाळावर राखी ढग चढवले. पाण्याच्या कडेला एक निळसर डोंगर घातला, कारण मागं डोंगर असला की चित्राला खोली येते. रस्त्यावर एक गाय उभी केली. पाण्यावर झुकलेला माड पातळ रंगानं झाकेना, म्हणून सुरीनं खरवडून काढला आणि त्याच्या जागी सरळ उभा केला. शेवटी उजव्या कोपऱ्यात बारीक, नेटक्या अक्षरांत स्वतःचं नाव घातलं. एवढी मेहनत केल्यावर ते आपलंच झालं, असं त्यांना मनापासून वाटलं.

साहेब आला. चहा प्याला, दोन केळी खाल्ली, चित्रासमोर अर्धा मिनिट थांबला आणि इंग्रजीत काहीतरी बोलला. बरोबरच्या शिरस्तेदारांनी ते सगळ्यांना मराठीत सांगितलं : "साहेब म्हणतात, अगदी आमच्या गावाकडं आल्यासारखं वाटलं."

"वा!" पोस्टमास्तर म्हणाले.

मास्तरांची छाती भरून आली. त्या दिवशी ते परत निघाले नाहीत. आणखी दोन दिवस राहून, येईल त्याच्या तोंडून साहेबाचं ते वाक्य ऐकत बसले. म्हणून आक्का परत आल्या तेव्हा ते दिवाणखान्यातच होते.

आक्का दारातून आत आल्या, चार पावलं चालल्या आणि थांबल्या. चित्र आता भिंतीवर होतं. मग पुढं होऊन ज्या जागी झुकलेला माड होता तिथं त्यांनी बोट ठेवलं. बोटाला तपकिरी रंग लागला.

"जिन्या," त्या भावाला म्हणाल्या, "हे कुणाचं गाव?"

"आक्का, साहेबाला लई आवडलं बघ. म्हणाला, आमच्या गावागत दिसतंय..."

"मग साहेबालाच देऊन टाकायचं न्हाय व्हय?"

मास्तरांनी घसा खाकरला. "बाई, मूळचं तसंच ठेवलंय, फक्त थोडं सुधारलंय. आता ते नियमात बसतं."

आक्का वळल्या. त्या रडतील अशी मास्तरांची समजूत होती आणि त्यासाठी दोन समजुतीची वाक्यं त्यांनी तयारही ठेवली होती. पण आक्का रडल्या नाहीत. "त्या माडाच्या बुंध्याला टेकून आमचा माणूस सतरा वर्सं सांजचं बसायचा," त्या म्हणाल्या. "रवळूनं माणूस काढला न्हाय, माड काढला. मला तेवढं पुरत होतं. मास्तर, तुम्ही मेलेल्यांची तोंडं रंगवून रंगवून जित्या झाडाला बी तसंच करून ठेवलं की. जावा आता. मोटार चुकंल तुमची."

मास्तरांनी छत्री उचलली. मोटारीत बसल्यावर ते शेजारच्या प्रवाशाला म्हणाले, "अडाणी बायकांना कला दाखवू नये." प्रवासी कन्नड बोलणारा होता, त्यानं मान हलवली आणि झोपला.

गोष्ट इथंच मिटली असती. पण आश्विनात चित्रकलेच्या सरकारी परीक्षा आल्या, आणि वेंगुर्ल्याच्या केंद्रावर देखरेखीला जायचा हुकूम नेमका नागोजी मास्तरांच्या नावानं निघाला. दुसरं कुणी जायला तयार नव्हतं. मास्तरांनी हुकमालाही एक "हं" दिलं आणि निघाले.

आंबोलीपर्यंत त्यांनी डोळे मिटून घेतले होते, कारण मोटार लागत होती. घाट उतरताना एका वळणावर गाडी थांबली, ड्रायव्हर इंजिनात पाणी घालायला उतरला आणि मास्तरांनी डोळे उघडले. खाली सगळं तळकोकण पसरलं होतं, आणि ते हिरवं होतं. मास्तरांनी चष्मा काढून पुसला. परत लावला तरी हिरवंच होतं. आणि लांबची झाडं फिकी पडायचं नाव घेत नव्हती. पाऊस होऊन गेल्यानं हवा इतकी धुतलेली होती की दोन कोसांवरच्या पोफळीसुद्धा जवळच्या झाडापेक्षा ठसठशीत दिसत होत्या. मधून रस्ता गेला होता. लाल.

मास्तरांना पहिल्यांदा आला तो राग. हा काय प्रकार आहे? याला काही ताळतंत्र? देवाला कुणी चित्रकला शिकवली नाही हे उघड होतं. जो डबा हाती लागला तो ओतून मोकळा झाला होता. सावंतवाडी मागं पडेपर्यंत ते असे देवालाच नावं ठेवत होते. शेजारणीच्या मांडीवर केवड्याचं कणीस होतं, तेसुद्धा त्यांना अतिरेकी वाटलं.

परीक्षा दुपारी संपली. कागद मोजून लाखोटा बंद केला आणि मास्तर गाव बघायला बाहेर पडले. आपण नुसते पाय मोकळे करायला निघालो आहोत असं त्यांनी स्वतःला सांगितलं होतं. पण तंबाखूवाल्या भुजबलींचं दुकान कुठं होतं हे त्यांनी पहिल्याच माणसाला विचारलं.

खाडीकडं जाणाऱ्या रस्त्यावर ते सापडलं. कौलारू, पुढं बाक. आता तिथं कुणीतरी दोरखंडं विकत होतं. जास्वंदीचं कुंपण होतं, आणि त्यावर पानांना खरोखरच जागा नव्हती. मास्तर रस्त्याच्या मधोमध उभे राहिले, रवळू जिथं उभा राहिला असेल तिथंच, आणि एकेक गोष्ट तपासू लागले. पाटीवरची चूक शोधावी तसे ते चूक शोधत होते. डावीकडचा फणस काळपट. बरोबर. केळ पोपटी. बरोबर. पोफळीचा हिरवा निळ्याकडं झुकलेला. बरोबर. डोंगर नव्हता. डोंगर असायला जागाच नव्हती, तिथं समुद्र होता. आणि पाण्यावर तो माड झुकला होता. बुंधा माणसाच्या पाठीएवढ्या जागी घासून गुळगुळीत झाला होता.

मग सूर्य खाली गेला, आणि आभाळानं मास्तरांची उरलीसुरली लाज काढली. केशरी झालं, गुलाबी झालं, आणि मधेच जांभळं झालं. ज्यावर त्यांनी सहा दिवस खपून राखी ढग चढवले होते, तेच. मास्तर मुकाट्यानं बाकावर बसले. धोतराच्या काठांकडं त्यांचं लक्ष गेलं. ते लाल झाले होते.

किनाऱ्यावर एक म्हातारा उपड्या होडीला रंग देत होता. उघडा, कंबरेला पंचा, शेजारी तीन डबे. मास्तर उठून तिकडं गेले. त्यांना नाव विचारायची गरज वाटली नाही. म्हाताऱ्यानं होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, एक डोळा काढला होता, हातभर लांबीचा, आणि तो डोळा खरंच बघत होता.

"खंयसून इलात?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"बेळगावहून. निपाणीला जाणंयेणं असतं."

"निपाणी?" म्हाताऱ्यानं कुंचला डब्यावर आडवा ठेवला. "मगे आमच्या राजमतीबायक वळाखतास काय? शेट गेले तेचा. बाय बऱ्या आसत मां?"

"बऱ्या आहेत."

"मी एक चित्र दिललंय तेंका. होडयेचो रंग उरललो, तोच वापरललंय. तां बरां आसा मां? वर तुमच्याकडे थंडी, रंग तडकता कधी कधी."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांना एखाद्या चित्राबद्दल काय बोलावं ते सुचेना.

"बरं आहे," ते म्हणाले. "भिंतीवर लावलंय."

रवळूचा चेहरा उजळला. "तुमी पण चितारी काय?" त्यानं मास्तरांच्या बोटांकडं बघत विचारलं. नखांच्या कडेला तपकिरी रंग होता, तो वर्षानुवर्षं तिथंच होता.

"नाही," मास्तर म्हणाले. "मी नुसता मास्तर."

रवळूनं मान डोलावली आणि परत कुंचला उचलला. त्या मान डोलावण्यात तिरस्काराचा लवलेश नव्हता. तेच मास्तरांना सहन होईना. त्याच्या जागी आपण असतो, तर आपण काय म्हटलं असतं, हे त्यांना शब्दन् शब्द ठाऊक होतं.

ते बेळगावला न उतरता तसेच निपाणीला गेले. हातात वेंगुर्ल्यातच घेतलेल्या टर्पेंटाइनच्या दोन बाटल्या आणि जुन्या धोतराच्या चिंध्या. दिवाणखान्यात आण्णा, पोस्टमास्तर सगळे होते. मास्तर कुणाशी न बोलता आतल्या दारापाशी गेले.

"आक्का," ते म्हणाले. यापूर्वी ते त्यांना बाई म्हणत. "मी खाली जाऊन आलो. चूक माझी. रंग अजून पुरता वाळला नसेल. पुसतो. तुमची परवानगी असेल तर."

आक्कांनी त्यांचं धोतर बघितलं. मग एक पाट आणून त्या चित्रासमोर बसल्या. "पुसा," त्या म्हणाल्या. "मी बसते हितंच. तुमचा भरवसा न्हाय."

तीन दिवस मास्तर चिंधी भिजवून भिजवून पुसत होते. तेल जास्त घातलं होतं आणि हवा दमट होती, म्हणून बराच तपकिरी रंग सुटून आला. सगळ्यांत आधी त्यांनी कोपऱ्यातलं आपलं नाव पुसलं. मग गाय गेली, डोंगर गेला. रस्ता हळूहळू लाल व्हायला लागला तेव्हा आक्का पुढं सरकून बसल्या. मास्तर थांबले की त्या म्हणत, "अजून. अजून लाल हाय ते." एकदा मास्तरांनी कमरेला हात लावला तेव्हा म्हणाल्या, "सुधारताना कंबर दुखली न्हवती वाटतं."

"वा!" तिसऱ्या दिवशी पोस्टमास्तर म्हणाले. "आता काय खुललंय बघा!"

"पोस्टमास्तर," आक्का म्हणाल्या, "हे चित्र दोनदा बदललं, तुमचं वा काय बदललं न्हाय. चहा प्या आणि जावा."

झुकलेला माड मात्र परत आला नाही. तो खरवडलेलाच होता. मास्तरांचा सरळ माड पुसल्यावर तिथं नुसतं उघडं कापड राहिलं, हातभर पांढरं. मास्तरांनी तिथंच राहिलेली आपली रंगांची पेटी उघडली आणि हिरवा कालवायला घेतला. एक हिरवा करून दाखवला. आक्का म्हणाल्या, "न्हाय." दुसरा केला. "न्हाय." दुपार होईपर्यंत अकरा हिरवे झाले, आणि अकरावा पहिल्यापेक्षा मेलेला होता. मास्तरांचा हात आपोआप तपकिरीकडंच जात होता. इतक्या वर्षांची ती सवय. शेवटी त्यांनी कुंचला खाली ठेवला.

"मला जमत नाही," ते म्हणाले.

"ते दिसतंय की," आक्का म्हणाल्या. "रवळूला बोलवा. चिठ्ठी तुम्हीच लिवा. काय केलंसा ते सगळं लिवा. आणि मला वाचून दावा."

मास्तरांनी कार्ड घेतलं. चित्र बरं आहे असं मी तुम्हाला खोटं सांगितलं, इथपासून सुरुवात करावी लागली. एका कार्डात मावलं नाही, दोन लागली. आक्कांनी एकच दुरुस्ती सांगितली : 'थोडं खरवडलं' होतं तिथं 'थोडं' खोडायला लावलं.

आठव्या दिवशी रवळू मोटारीनं आला. अंगात सदरा, खांद्याला पिशवी, पिशवीत दोन डबे आणि आक्कांसाठी शहाळी. आण्णांनी त्याला बाहेरच्या कट्ट्यावर बसायला सांगितलं. आक्कांनी बाहेर जाऊन त्याला आत आणला. मास्तरही शाळेतून रजा काढून आले होते. ते खांबाजवळ उभे होते. रवळू आता काय म्हणेल याची रात्रंदिवस तालीम करून त्यांनी स्वतःला अर्धं करून घेतलं होतं.

रवळू चित्रासमोर गेला. उघड्या कापडावरून त्यानं तळहात फिरवला, जनावराची जखम बघावी तसा. मग कडेकडेनं बाकीचं चित्र बघितलं. आभाळाच्या एका कोपऱ्यात मास्तरांचा राखी ढग पुरता निघाला नव्हता, तिथं तो थांबला.

"ह्या ऱ्हवांदे," तो म्हणाला. "पावसाआधी असां येता कधी कधी."

मग तो मास्तरांकडं वळला आणि एक डबा पुढं केला. "ह्यो धरा जरा."

मास्तरांनी डबा धरला. तासभर धरला. बेळगावातल्या त्यांच्या विद्यार्थ्यांनी हे बघितलं असतं तर त्यांना खरं वाटलं नसतं. रवळूनं खडूची रेघसुद्धा मारली नाही. कुंचला बुडवला आणि बुंधा खालून वर नेला, पाण्याकडं झुकवत, मधे किंचित वळवून, जसा तो तिथं होता तसाच. मग झावळ्या. हिरवा त्यानं कालवलाच नाही; पिवळ्यावर निळा ओला असतानाच ओढत नेला, आणि तो कापडावरच हिरवा झाला. बुंध्यावर त्यानं शेवटी बोटानं एक फिकट डाग ठेवला, पाठ टेकून गुळगुळीत झालेल्या जागेचा. पहिल्या चित्रात तो डाग नव्हता.

आक्कांनी पदर तोंडाला लावला. त्या उठून आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

"आता बरं झालं न्हवं मास्तर?" आण्णांनी विचारलं. त्यांना अजूनही कुणीतरी सांगायला पाहिजे होतं. "हे दिवाणखान्यात लावावं का न्हाय? तुमचं मत काय?"

"माझं मत विचारू नका," मास्तर म्हणाले. "आक्कांना विचारा."

आक्कांनी ते दिवाणखान्यात लावू दिलं नाही. त्यांनी ते आपल्या खोलीत, अंथरुणासमोरच्या भिंतीला लावून घेतलं. आण्णांनी दिवाणखान्यासाठी कोल्हापूरहून एक मोठा आरसा मागवला. पाहुणे त्यात स्वतःला बघून खूष होतात, असं आक्का म्हणायच्या.

संध्याकाळच्या मोटारीनं रवळू आणि मास्तर एकाच बाकावर बसून बेळगावला निघाले. हत्तरगीच्या पुढं शेतं लागली, काळी, नांगरलेली, सपाट. मास्तरांनी शेवटी विचारलं, "रवळू, तो हिरवा... आधी पिवळा किती घ्यायचा?"

रवळूनं विचार केला. त्याला मनापासून सांगायचं होतं असं दिसलं.

"माका सांगूक येना नाय," तो म्हणाला. "तुमी असां करा. मे म्हयन्यात येवा. म्हयनोभर ऱ्हवा. रंग आणू नकात. नुसते बघीत बसा."

मास्तरांच्या नाकापर्यंत ते जुनं "हं" आलं. पण ते बाहेर पडलं नाही. खिडकीबाहेर बघत ते म्हणाले, "येतो."